जुनी पोलादी बोट आणि तिचा वेल्डर



या व्यासपीठावरून आपण वेदान्त ऐकला असेल, अर्थसंकल्प ऐकला असेल, नाट्यसंगीताची चिकित्साही ऐकली असेल. वेल्डर हा विषय प्रथमच येत असावा. आपल्या गावाला समुद्र नाही. नदी आहे, पण चैत्रात तिच्यात होडीसुद्धा चालत नाही. तेव्हा जुन्या पोलादी बोटीची दुरुस्ती कोणाकडून करून घ्यावी, ही उठाठेव इथे कशासाठी, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. तथापि आपण सर्वजण गणपतीपुळ्याला जाता, गोव्याला जाता, तरीतून खाडी ओलांडता. त्या वेळी आपल्या पायांखाली पाच-सहा मिलिमीटर जाडीचा एक पत्रा असतो, आणि त्या पत्र्याचे सांधे कोणीतरी एका माणसाने मारलेले असतात. त्याचे नाव आपणांस ठाऊक नसते. तो माणूस कसा निवडला गेला, एवढाच आजचा विषय आहे.

आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या खोल्यांवर झाले. त्यामुळे शास्त्र सांगताना आम्ही कारखान्याच्या भाषेतच सांगणार. वेल्डिंगला कोशांत चांगले मराठी शब्द आहेत. पण ते उच्चारले तर गोदीतला माणूस आमच्याकडे पाहून हसेल, म्हणून वेल्डिंगच म्हणू.

आता बोटीची हकीकत. 2012 साली गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. मध्यंतरी त्या काही प्रमाणात चालू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. मांडवी आणि जुवारी या नद्यांतून मुरगाव बंदरापर्यंत खनिज वाहून नेणाऱ्या पोलादी बार्जी काठाला लागल्या आणि गंजू लागल्या. कित्येक भंगारात गेल्या. त्यांवरचे खलाशी घरी बसले. त्यांत सिंधुदुर्गातले पुष्कळ. अशाच सात खलाशांनी मिळून एक छोटी पोलादी बोट विकत घेतली. लांबी पंचावन्न फूट, नांगरावर उभ्या असलेल्या जहाजांना माणसे आणि सामान पोचवण्याचे काम तिने पूर्वी केलेले. ती नीट करून खाडीत माल आणि माणसे वाहावीत असा त्यांचा बेत होता. पैसे होते ते बायकांच्या दागिन्यांवर काढलेले. वेल्डर निवडून द्या, म्हणून ते संघटनेकडे आले. कारण वेल्डर ओळखणारी माणसे असतील तर ती कामगार संघटनेतच असणार, हा त्यांचा तर्क. तो चुकीचा नव्हता.

पूर्वी जहाजे रिव्हेट ठोकून बांधीत. लाल तापलेला रिव्हेट भोकात घालून दोन्ही बाजूंनी ठोकायचा. रिव्हेटचा एक गुण असा की तो तपासता येतो. लहान हातोडीने टकटक केले, दुसऱ्या बाजूला बोट लावले, की सैल रिव्हेट ताबडतोब चुगली करतो. शिवाय पत्र्याला गेलेली चीर पुष्कळदा रिव्हेटच्या रांगेपाशी, म्हणजे दोन पत्रे जिथे संपतात तिथे थांबते. वेल्डिंगचे तसे नाही. इथे पत्र्याला पत्रा वितळून एकजीव होतो. चीर निघाली तर तिला वाटेत अडवणारे कोणी नसते. आणि वाईट सांधा वरून सुरेख दिसू शकतो. आत स्लॅग, म्हणजे सळईवरच्या लेपाची काचेसारखी खपली, अडकलेली असेल. पत्र्याची कड मुळी वितळलीच नसेल. वरून मात्र माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. ग्राइंडर फिरवून रंग लावला की देवालाही कळणार नाही. म्हणून काम झाल्यावर काम पारखणे इथे अर्धेच शक्य असते. उरलेले अर्धे काम करणाऱ्याला पारखूनच करावे लागते.

बोटीच्या तपासणीला सर्व्हेअर असतो, हे खरे. 1917 चा अंतर्देशीय जहाजांचा कायदा जाऊन 2021 साली नवा आला. नोंदणी, तपासणी, प्रमाणपत्र हे सारे त्यात आहे आणि ते हवेच. परंतु सर्व्हेअर येतो एक-दोन दिवस. वेल्डर महिनाभर बोटीच्या पोटात असतो.

पहिला वेल्डर आला तो फाटके आणि खिडक्यांची गजजाळी करणारा. तरुण, हसतमुख, हात वेगवान. त्याने बोटीभोवती एक फेरी मारली, तळाच्या पत्र्यावर जिथे गंज दिसला तिथे खडूने चौकोन आखले आणि म्हणाला, "काका, एवढ्यावर नवे पत्रे चढवून देतो. आठ दिवसांत बोट पाण्यात." भाव किलोवर, आणि तोही कमी. सातांपैकी चौघांचे मत तिथेच पक्के झाले. ह्या पोराची निंदा आम्ही करणार नाही. फाटक उत्तम करतो. पण बोटीच्या पत्र्यावर पत्रा चढवणे म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. जुन्या धोतराला थिगळ लावायचे तर शिंपी थिगळाची कड चांगल्या कापडात बसवतो. इथे थिगळाची कड गंजून अडीच-तीन मिलिमीटर उरलेल्या पत्र्यावर येते. वेल्डिंगच्या उष्णतेने तो पातळ पत्रा तिथेच जळून भोक पडते. न पडले तर दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत ओल राहते आणि गंज आतल्या आत, कोणाला न दिसता, आपले काम चालू ठेवतो. अडीअडचणीत, बंदराला पोचेपर्यंत, थिगळ चालते. दुरुस्ती म्हणजे रफू. खराब पत्रा चांगला लागेपर्यंत कापून काढायचा आणि त्याच जाडीचा नवा तुकडा कडेला कड भिडवून बसवायचा. कापलेल्या भोकाचे कोपरे गोल ठेवायचे, कारण चौकोनी कोपऱ्यात ताण साचतो.

दुसरा आला तो मोठ्या गोदीत काम केलेला, प्रमाणपत्राची प्लास्टिकमधली प्रत घेऊन. प्रमाणपत्राला आम्ही मान देतो. ते मिळवायला घाम गाळावा लागतो. पण ते वाचता आले पाहिजे. वेल्डरची परीक्षा सरसकट नसते. कोणत्या पद्धतीने, किती जाडीच्या पत्र्यावर आणि पत्रा कसा धरलेला असताना, अशी ती असते. पत्रा जमिनीवर आडवा, सांधा समोर, ही सर्वांत सोपी स्थिती. तिला वन-जी म्हणतात. पत्रा उभा आणि सांधा आडवा, ती टू-जी. सांधा खालून वर चढवायचा, ती थ्री-जी. आणि डोक्यावर छत असल्यासारखा पत्रा व त्याच्या खालून वर पाहत सांधा मारायचा, ती फोर-जी. (मोबाइल टेलिफोनचा याच्याशी काही संबंध नाही.) बोट ओढून काठावर उभी केली की तिचा तळ म्हणजे फोर-जी. चिखलात पाठ टेकून, वितळलेले पोलाद अंगावर टपकत असताना करायचे काम. या गृहस्थांचे प्रमाणपत्र वन-जीचे होते, आणि त्यावरची तारीख चार वर्षांपूर्वीची. पुष्कळ नियमावल्यांत असे आहे की सहा महिने त्या पद्धतीचे काम हातून झाले नाही तर पात्रता संपते. गवयाने रियाज सोडला तर काय होते हे या सभागृहात आम्ही सांगण्याची गरज नाही. त्यांना आम्ही विचारले, "तळाचे काम कधी केले होते?" ते प्रामाणिकपणे म्हणाले, "गोदीत तळाला दुसरी माणसं होती."

तिसरे मिस्त्री साठीकडे झुकलेले. आले, बोटीकडे पाहिलेही नाही. सातांतल्या एकाने विचारले, "मिस्त्री, किती दिवस लागतील? भाव काय?" मिस्त्री म्हणाले, "पयली टाकी दाखवा. मगे भाव सांगतंय."

इथे थोडे थांबले पाहिजे. टाकी म्हणजे तेलाची टाकी. तिच्या भिंती म्हणजेच बोटीची बाजू, अशी या बोटीची रचना होती. बाहेरून त्या भागावर वेल्डिंग केले की आत उष्णता पोचणारच. लोक म्हणतात, टाकी रिकामी आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून भयंकर असते. डिझेल सहजासहजी पेटत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु गंजाच्या पापुद्र्यामागे राहिलेला वाटीभर गाळ तापला की त्याची वाफ होते, आणि बंद जागेत वाफ आणि हवा एकत्र आली की ठिणगी पुरते. दुसरी गोष्ट त्याहून फसवी. बरेच दिवस बंद असलेल्या टाकीतले पोलाद गंजताना आतला प्राणवायू खाऊन टाकते. वास नाही, धूर नाही, काही नाही. माणूस झाकण उघडून शिडीने उतरतो आणि तिसऱ्या पायरीवर कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. वर्तमानपत्रात अशा बातम्या आपण गटारे आणि टाक्या यांच्या बाबतीत वारंवार वाचता. 1948 च्या कारखाने कायद्याने बंद जागेत माणूस उतरवण्यापूर्वी काय केले पाहिजे आणि तेल असलेल्या टाकीला ज्योत लावण्यापूर्वी काय केले पाहिजे हे सांगून ठेवलेले होते. काठावर उभ्या असलेल्या बोटीपर्यंत तो कायदा क्वचितच चालत गेला.

मिस्त्रींनी टाकीचे झाकण काढायला लावले, वाकून वास घेतला, आत हात घालून भिंतीवरचा गाळ बोटावर काढला, तो आम्हांस दाखवला आणि सांगितले की टाकी वाफेने धुऊन, खरवडून, पंख्याने वारा खेळवून, वायू मोजणाऱ्या यंत्राने तपासल्याखेरीज आपण होल्डर हातात धरणार नाही. आणि तपासणी रोज सकाळी, एकदाच नव्हे. याला पाच दिवस लागतील. त्या पाच दिवसांत आपणास मजुरी नको. पण ते पाच दिवस कोणी वाचवू पाहत असेल तर दुसरा माणूस बघा. सातांतले काही जण कुरकुरले. आमचे मत मात्र त्याच क्षणी झाले. तीस वर्षे मालकांशी बोलणी करीत असताना आम्ही एक पाहिले आहे की ज्या कारागिराला नाही म्हणता येते तोच कारागीर हो म्हणतो त्याला काही किंमत असते. तथापि एवढ्यावर भागत नाही. सावध माणसाचा हात कच्चा असू शकतो. म्हणून परीक्षा घेतली.

परीक्षा कशी घ्यावी हे ज्यांना कधी उपयोग होईल त्यांच्यासाठी सांगतो. बोटीचाच कापून काढलेला जुना, पण शाबूत पत्रा घ्यावा, नवा घेऊ नये. जुन्या पोलादाचा स्वभाव वेगळा असतो. दोन तुकडे उभे धरून एक सांधा आणि डोक्यावर धरून दुसरा. मारताना माणूस काय करतो ते पाहावे. मिस्त्रींनी पहिला पाऊण तास ठिणगीच पाडली नाही. कडा तिरप्या घासल्या, गंज आणि रंग उजळ पोलाद लागेपर्यंत काढला, दोन तुकड्यांत सळईच्या गाभ्याएवढी फट ठेवली, टाके मारले. सळया त्यांनी एका पत्र्याच्या पेटीतून काढल्या. त्या पेटीत बल्ब लावून ती गरम ठेवली होती. त्यापूर्वी त्या भट्टीत भाजून घेतलेल्या होत्या. कोकणातल्या हवेत सळईचा लेप पाणी पितो, त्या पाण्यातला हायड्रोजन सांध्यात शिरतो आणि पोलाद थंड झाल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशी, चीर पडते. गोणपाटात गुंडाळलेल्या सळया घेऊन येणाऱ्याला जाडजूड जोखमीचे काम देऊ नये. मग आवाज ऐकावा. चांगला सांधा चालू असताना कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो. लाह्या फुटल्यासारखा आला तर विजेचा दाब किंवा हात, काहीतरी बिघडले आहे. प्रत्येक फेरीनंतर स्लॅग ठोकून, ब्रशने साफ करून मगच पुढची फेरी घेतो का, ते बघावे. शेवटी करवतीने सांध्यातून आडव्या पट्ट्या कापाव्यात आणि पक्कडशेगड्यात धरून, एक पट्टी एका बाजूला, दुसरी उलट बाजूला, पुरती वाकवावी. खोटा सांधा तिथे तोंड उघडतो. मिस्त्रींच्या चारही पट्ट्या वाकल्या. गोदीवाल्या गृहस्थांची डोक्यावरची एक पट्टी उघडली. त्यांना आम्ही डेकवरचे आणि केबिनचे काम दिले. आडव्या पत्र्यावर त्यांचा हात देखणा होता.

वेल्डरवर सारा भार टाकावा असे मात्र आम्हांस म्हणावयाचे नाही, आणि इथे इतिहासाचा थोडा आधार घेतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 2,710 लिबर्टी जहाजे बांधली, जवळजवळ सारी वेल्डिंगने. हजारो नवे हात भरती झाले, त्यांत स्त्रियाही पुष्कळ. त्यांपैकी कित्येक जहाजांना चिरा पडल्या. 16 जानेवारी 1943 रोजी ओरेगॉन राज्यात पोर्टलंड येथे शेनेक्टेडी नावाचे नवे कोरे तेलवाहू जहाज, धक्क्याला बांधलेले असताना, शांत पाण्यात, रात्री मधोमध मोडले. पहिले बोट कोणाकडे दाखवले गेले असेल हे सांगायला नको. काही सांधे वाईट होते, हे नाकारता येत नाही. परंतु केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषींनी दाखवून दिले की मूळ पोलादच असे होते की थंडीत ते काचेसारखे ठिसूळ बने. आणि चौकोनी झरोक्यांचे कोपरे चिरेला जन्म देत. पोलाद विकत घेणारा वेगळा, कोपरा आखणारा वेगळा. नाव मात्र होल्डर धरणाऱ्याचे. म्हणून आमच्या सात खलाशांना आम्ही सांगितले की प्रथम पत्र्याची जाडी यंत्राने मोजून घ्या, हातोडीचा ठणका ऐका, नवा पत्रा कागदपत्रांसह घ्या, भंगारबाजारातला नको. वेल्डर चांगला असला तरी त्याने वाईट पोलादाला चांगले कसे करावे?

पैशाकडे येतो. सर्वांत जास्त वाद इथेच झाला. किलोवर किंवा फुटावर भाव ठरवला की आपण विकत घेतो तो वेग. कडा घासणे, स्लॅग काढणे, सळया भाजणे, पत्रा वाकू नये म्हणून थोडा सांधा इकडे थोडा तिकडे मारून मध्ये थंड होऊ देणे, यांतले काहीही फुटपट्टीने मोजले जात नाही. मग ते होत नाही. त्यात कारागिराचे पाप नाही, भावाचे आहे. मिस्त्रींना आम्ही रोजाने ठरवले. त्याखेरीज मिस्त्रींनी एक मदतनीस मागितला, ज्याने काहीच करायचे नाही. पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला पाण्याची बादली आणि अग्निशामक नळकांडे घेऊन बसायचे, आणि काम थांबल्यावरही तासभर बसून राहायचे. बसून राहणाऱ्याला मजुरी कसली, असे दोघे खलाशी म्हणाले. त्यांना आम्ही नॉर्मंडीची हकीकत सांगितली. फ्रान्सचे हे भव्य प्रवासी जहाज 1942 साली न्यूयॉर्कच्या धक्क्यावर सैन्यवाहू करण्याचे काम चालू होते. 9 फेब्रुवारीला दिवाणखान्यातला एक खांब गॅसने कापताना ठिणग्या उडाल्या त्या शेजारी रचलेल्या जीवरक्षक जाकिटांवर. आपल्या सावरीच्या कापसासारखा कापोक त्यांत भरलेला. पाहता पाहता आग पसरली. विझवण्यासाठी ओतलेल्या पाण्याने जहाज कलले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आडवे झाले. पुन्हा ते कधी प्रवासाला निघालेच नाही. खलाशांनी मदतनिसाची मजुरी मान्य केली. बोटीत स्वयंपाकाचा स्टोव्ह आणि फोमच्या गाद्या होत्या, त्या त्यांनी त्याच संध्याकाळी आपण होऊन उतरवल्या.

आणखी एक मजुरी असते, ती कोणी हिशेबात धरत नाही. जुन्या बोटीला गंजाविरुद्ध लावलेला तांबडा रंग म्हणजे पुष्कळदा शेंदूर, म्हणजे शिसे. त्याच्यावर ज्योत लावली की ते शिसे धुरातून माणसाच्या रक्तात जाते. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर काम केले तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो. 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातला. आमच्याकडे यावर गूळ देतात, आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखे झाले की बटाट्याचा काप ठेवतात. गूळ जरूर द्यावा. पण त्याने धूर छातीतून बाहेर येत नाही. रंग आधी खरवडून काढला पाहिजे, खरवडतानाही तोंडावर मुखवटा पाहिजे, आणि टाकीत धूर ओढणारा पंखा पाहिजे. शिवाय वेल्डिंगच्या यंत्राचा साठ-सत्तर व्होल्टचा दाब कोरड्या जमिनीवर किरकोळ वाटतो. घामाने भिजलेल्या, पोलादी टाकीत चहूकडून टेकलेल्या माणसाला तो पुरेसा होतो. तेव्हा वेल्डर निवडताना मालकाने स्वतःलाही विचारावे की पंखा, कोरडी फळी, हातमोजे आणि काच आपण देणार आहोत की नाही. मिस्त्रींनी विचारलेच होते. आम्ही ते करारात लिहून घेतले. एक पानाचा करार, मराठीत, सातांच्या सह्या आणि मिस्त्रींची सही.

काम एकोणतीस दिवस चालले. पाण्यात सोडण्यापूर्वी प्रत्येक सांध्याला बाहेरून चुन्याचा हात दिला आणि आतून रॉकेल फासले. रॉकेल पाण्याहून बारीक वाटेने शिरते. जिथे सूक्ष्म भोक असेल तिथे पांढऱ्या चुन्यावर तेलकट डाग उमटतो. रात्रभर ठेवले. सकाळी तीन डाग निघाले. दोन मिस्त्रींच्या सांध्यांवर, आणि तिसरा डाग आम्ही हात न लावलेल्या जुन्या सांध्यावर, ज्याच्याबद्दल कोणी संशयही घेतला नव्हता. मिस्त्रींनी तिन्ही जागा ग्राइंडरने मुळापर्यंत कोरून काढल्या, रॉकेल निपटून पुसले, पुन्हा सांधल्या, पुन्हा चुना, पुन्हा रॉकेल. तो दिवसही रोजात धरला गेला, यावर शेवटचा वाद झाला आणि तो मिस्त्रींच्या बाजूने मिटला.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेले आम्ही पाहिले आहे. एकच सूचना सांगून थांबतो, कारण ती कोणी सांगत नाही. बोट पाण्यात तरंगत असताना किरकोळ वेल्डिंग करावे लागले, तर यंत्राची परतीची तार धक्क्याला किंवा शेजारच्या बोटीला लावू देऊ नका. ती कामाच्या जागेजवळ, त्याच बोटीच्या घासून उजळ केलेल्या पोलादाला लावावी. नाही तर वीज घरी परतण्यासाठी पाण्यातून, नांगराच्या साखळीतून आणि इंजिनाच्या बेअरिंगमधून वाट काढते, आणि ज्या पत्र्यासाठी एवढा खटाटोप केला तोच पाण्याखाली खाऊ लागते. मिस्त्री पहिल्या दिवशी बोटीवर चढले तेव्हा त्यांच्या एका खांद्यावर ही तार होती.